ब्राझील, जून २०१३: वीस सेंतावोंची भाडेवाढ आणि रस्त्यावर आलेला देश (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नेमकं काय घडलं होतं?

२ जून २०१३ला साओ पाउलोमध्ये बस, मेट्रो आणि उपनगरी गाडीचं तिकीट ३ रेआलवरून ३ रेआल २० सेंतावो झालं (रेआल हे तिथलं चलन, शंभर सेंतावोंचा एक रेआल). ६ जूनला पहिला मोर्चा निघाला. काही हजार लोक, त्यांतले बहुतेक विद्यार्थी. दोन आठवड्यांनी, २० जूनच्या संध्याकाळी, देशभरातल्या शंभराहून जास्त शहरांत मिळून दहा लाखांवर माणसं रस्त्यावर होती. १९९२ साली राष्ट्राध्यक्ष कॉलर यांच्याविरुद्ध पोरं तोंडं रंगवून उतरली होती, त्यानंतर एवढी गर्दी ब्राझीलने पाहिली नव्हती. गंमत म्हणजे भाडेवाढ आदल्याच दिवशी, १९ जूनला, रद्द झाली होती. मागणी मान्य झाल्यावरच सगळ्यात मोठा मोर्चा निघाला. या प्रकरणातले निम्मे प्रश्न त्या एका दिवसाच्या फरकातून निघतात.

वीस सेंतावो म्हणजे किती? एवढ्याशासाठी एवढा गोंधळ?

तेव्हाच्या दराने साधारण पाच रुपये. 'पाच रुपयांसाठी कोण रस्त्यावर उतरतं?' असं तिथल्या टीव्हीवरच्या पंडितांनीही विचारलं होतं. आपल्याकडे हा प्रश्न पडायला नको. १९५३ साली कलकत्त्यात ट्रामच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशाने वाढलं, तर शहर पेटलं होतं आणि वाढ मागे घ्यावी लागली होती.

हिशोब करून बघा. २०१३ मध्ये ब्राझीलचं किमान मासिक वेतन ६७८ रेआल होतं. महिन्याला सव्वीस दिवस जाऊन-येऊन एकेक तिकीट धरलं तरी नव्या दराने १६६ रेआल होतात, म्हणजे जवळपास पाव पगार. आता यात एक खोच आहे. कायम नोकरीतल्या कामगाराच्या पगारातून प्रवासासाठी सहा टक्क्यांपेक्षा जास्त कापता येत नाही, वरचा खर्च मालकाने सोसायचा असा तिथे कायदा आहे. म्हणजे खरी झळ बसली ती ज्यांच्या हातात नोकरीचा कागद नाही त्यांना: रोजाने धुणीभांडी करणाऱ्या बायका, फेरीवाले, काम शोधत फिरणारी पोरं. हे लोक शहराच्या कडेला राहतात आणि कामाला मध्यात येतात, त्यामुळे सगळ्यात लांबचा प्रवासही त्यांचाच.

सरकारची बाजूही सांगायला हवी. साओ पाउलोत बसचं भाडं जानेवारी २०११ पासून वाढलं नव्हतं आणि मधल्या महागाईच्या मानाने वीस सेंतावो कमीच होते. महापौर फर्नांडो हद्दाद हेच आकडे घेऊन बोलत राहिले. आकडे बरोबर होते, पण उपयोग झाला नाही. खरं तर ही वाढ जानेवारीतच व्हायची होती. महागाईचा निर्देशांक वर जाऊ नये म्हणून केंद्र सरकारने महापौरांना ती पुढे ढकलायला सांगितलं. जानेवारीत तिथे उन्हाळ्याची सुट्टी असते, विद्यापीठं बंद असतात. जूनमध्ये सगळे शहरात होते.

मोर्चे कोणी काढले? कोणता पक्ष होता मागे?

कोणताच नाही. 'मोव्हिमेंतो पासे लिव्रे' नावाचा एक छोटा गट होता, 'मोफत प्रवास चळवळ' म्हणा. २००५ साली पोर्तो अलेग्रेमध्ये तो स्थापन झाला. त्याआधी २००३ मध्ये साल्वादोरला आणि २००४ मध्ये फ्लोरियानोपोलिसला शाळकरी मुलांनी भाडेवाढीविरुद्ध शहरं अडवून धरली होती, त्यातून ही मंडळी तयार झाली. अध्यक्ष नाही, सरचिटणीस नाही, पत्रकारांशी कोण बोलणार तेही आलटूनपालटून.

त्यांचं म्हणणं साधं होतं. सरकारी शाळेच्या दारात तिकीट नसतं, सरकारी दवाखान्याच्या दारात नसतं, मग तिथवर पोचवणाऱ्या बसच्या दारात का? कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. साओ पाउलोच्या महापौर लुइझा एरुंदिना यांनी नव्वदच्या सुमारास ती मांडली होती, पण नगरसेवकांनी ती पुढे जाऊ दिली नाही.

ब्राझीलच्या शहरी बसमध्ये पुढून चढायचं. आत दोन पावलं टाकली की कमरेच्या उंचीचा लोखंडी फिरता दांडा आडवा येतो. शेजारी उंच खुर्चीवर तेव्हा कंडक्टर असायचा. कार्ड टेकवलं किंवा पैसे दिले की दांडा एक घर फिरतो आणि तुम्ही पलीकडे जाता. हातात पिशव्या असतील, कडेवर मूल असेल तर त्या दांड्यातून निघताना काय होतं ते रोज जाणाऱ्यालाच ठाऊक. चळवळीने हाच दांडा निशाणी म्हणून उचलला. मोर्च्याच्या शेवटी पुठ्ठ्याचा दांडा करून तो जाळायची त्यांची रीत होती.

१३ जूनची एवढी चर्चा का होते?

कारण १३ जूनपर्यंत ही भाडेवाढीची गोष्ट होती आणि त्या रात्रीनंतर राहिली नाही.

त्या सकाळी शहरातल्या दोन्ही मोठ्या वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहून पोलिसांनी आता सोक्षमोक्ष लावावा असं सुचवलं होतं. एकाचा मथळाच मुळी पाउलिस्ता हमरस्ता परत ताब्यात घ्या अशा अर्थाचा होता. संध्याकाळी मोर्चा जुन्या नाट्यगृहापासून निघाला आणि कोन्सोलासाओ रस्त्याच्या चढावर पोलिसांनी तो अडवला. अश्रुधूर, रबरी गोळ्या. मोर्चेकऱ्यांना, घरी निघालेल्यांना, हॉटेलात बसलेल्यांना, सगळ्यांना सारखाच प्रसाद. दोनशेवर लोक ताब्यात घेतले. अश्रुधुराचा त्रास कमी होतो म्हणून लोक व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं जवळ ठेवत. पोलीस झडती घ्यायला लागले आणि पिशवीत व्हिनेगरची बाटली सापडली की माणूस गाडीत. एका साप्ताहिकाचा वार्ताहरही त्यासाठी धरला गेला. दुसऱ्या दिवसापासून इंटरनेटवर या सगळ्याला 'व्हिनेगरचा उठाव' म्हणायला लागले.

जखमींमध्ये पत्रकार बरेच होते. एका छायाचित्रकाराचा डोळा कायमचा गेला. अग्रलेखांचा सूर रातोरात बदलला तो यामुळे. माझ्या मते हे जरा लाजिरवाणंच आहे: कडेच्या वस्त्यांत पोलीस वर्षानुवर्षं खऱ्या गोळ्या झाडत होते तेव्हा अग्रलेख बदलले नव्हते.

त्याच संध्याकाळचा आणखी एक प्रसंग. एका लोकप्रिय गुन्हेवार्ता कार्यक्रमात सूत्रसंचालकाने थेट प्रक्षेपणात कौल घेतला: अशा निदर्शनांना तुमचा पाठिंबा आहे का? त्याला वाटलं लोक 'नाही' म्हणतील. 'हो' पुढे गेलं. त्याला वाटलं प्रश्न कळला नसेल, म्हणून त्याने प्रश्न फिरवून विचारला, 'धुडगूस घालणाऱ्या निदर्शनांना' पाठिंबा आहे का? तरी 'हो'च पुढे. त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ सगळ्या देशाने पाहिला.

पोलीस महापौरांचे की राष्ट्राध्यक्षांचे?

दोघांचेही नाहीत. दंगा आवरणारे 'लष्करी पोलीस' राज्याचे असतात, गव्हर्नरच्या हाताखाली. महापौर आणि राष्ट्राध्यक्ष दोघेही कामगार पक्षाचे, तर साओ पाउलोचे गव्हर्नर जेराल्डो आल्कमिन विरोधी पक्षाचे. बसभाडं महापौरांच्या हातात, मेट्रोचं गव्हर्नरच्या. लोकांच्या रागाचा मोठा वाटा मात्र राजधानी ब्राझिलियात बसलेल्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रुसेफ यांच्या नावावर जमा झाला. १९ जूनला भाडेवाढ मागे घेतल्याची घोषणा करायला हद्दाद आणि आल्कमिन, एरवी एकमेकांचे विरोधक, शेजारी शेजारी उभे राहिले.

भाडेवाढ बाजूला पडून मागण्या वाढत कशा गेल्या?

१७ जूनला रिओमध्ये लाखभर लोक निघाले. ब्राझिलियात तरुण संसदेच्या छपरावर चढले आणि त्यांच्या सावल्या त्या पांढऱ्या घुमटावर पडल्या, तो फोटो जगभर गेला. 'फक्त वीस सेंतावोंचा प्रश्न नाही' ही घोषणा आता सगळीकडे होती. मग कशाचा प्रश्न आहे? प्रत्येकाच्या हातात आपापला पुठ्ठा. 'फिफाच्या दर्जाचे दवाखाने द्या.' 'मानवाधिकार समितीवरून फेलिसियानोला हटवा' (हा संसदेच्या त्या समितीचा अध्यक्ष). 'पेक ३७ नको' (सरकारी वकिलांचे तपासाचे अधिकार काढणारी ती घटनादुरुस्ती होती). भ्रष्टाचार नको. काहींच्या पुठ्ठ्यावर फक्त 'राक्षस जागा झाला' एवढंच.

आणि 'पक्ष नको, पक्ष नको' हा गजर. सुरुवातीला तो निरागस होता. २० जूनला पाउलिस्ता रस्त्यावर डाव्या पक्षांचे आणि कामगार संघटनांचे झेंडे हिसकावून जाळले गेले, पहिल्या दिवसापासून मोर्च्यात असलेल्यांना ढकलून बाहेर काढलं. राष्ट्रध्वज अंगावर गुंडाळलेले नवे लोक आले होते. दुसऱ्या दिवशी मोफत प्रवासवाल्यांनी सांगून टाकलं की ते आता नवे मोर्चे पुकारणार नाहीत. ज्यांनी हाक दिली तेच बाजूला झाले. अण्णा हजारेंच्या २०११ च्या आंदोलनातही व्यासपीठावर पक्ष नकोत असा आग्रह होता, पण तिथे निदान लोकपाल ही एक मागणी शेवटपर्यंत मध्यभागी होती. इथे मध्य मोकळा राहिला.

पण ब्राझीलची भरभराट चालू होती ना तेव्हा?

होती, आणि कोडं तिथेच आहे. २०१० साली अर्थव्यवस्था साडेसात टक्क्यांनी वाढली. २०१३ मध्ये वेग मंदावला होता, महागाई साडेसहाच्या वर गेली होती, पण बेकारी तोवरच्या नीचांकाजवळ होती. आधीचे राष्ट्राध्यक्ष लुला आणि नंतरच्या दिल्मा यांच्या दहा वर्षांत कोट्यवधी लोक गरिबीतून वर आले. 'बोल्सा फामिलिया' या सरकारी मदत योजनेचे पैसे थेट गरीब घरांतल्या बायकांच्या हातात जात होते, किमान वेतन दरवर्षी वाढत होतं.

पण जे सुधारलं ते घराच्या आत. फ्रीज आला, मोठा टीव्ही आला, हप्त्यावर गाडी आली, घरातलं पहिलं मूल खासगी महाविद्यालयात गेलं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की बस तीच, दवाखान्याची रांग तीच, पोलीस तेच. उलट बाहेरचं बिघडलंच. कारखाने चालावेत म्हणून सरकारने मोटारींवरचा कर कमी केला, महागाई दाबायला पेट्रोल स्वस्त ठेवलं, आणि त्या मोटारींनी रस्ते तुंबून बस तासन् तास अडकायला लागल्या. गरिबी हटवण्याच्या धोरणाने आणि उद्योग वाचवण्याच्या धोरणाने मिळून बसमधल्या माणसाचे दोन तास खाल्ले. उपाशी माणसं रस्त्यावर आली असं जे मांडलं जातं ते मला पटत नाही. थोडंफार मिळालेली आणि पुढचं दिसायला लागलेली माणसं आली.

वर्ल्डकपचा काय संबंध?

वेळ जुळून आली. १५ जूनला ब्राझिलियात कॉन्फेडरेशन्स कप सुरू झाला, २०१४च्या वर्ल्डकपची रंगीत तालीम. उद्घाटनाला दिल्मांची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. वर्ल्डकपसाठी बारा स्टेडियमं, नुसता त्यांचाच खर्च सुमारे आठ अब्ज रेआल. त्यांतलं एक अॅमेझॉनच्या जंगलातल्या मनाउसला, जिथे वरच्या दर्जाचा एकही क्लब नव्हता. फुटबॉलवेड्या देशात फुटबॉलवरचा खर्च निदर्शनांचा विषय होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. ब्राझीलने तो कप जिंकला, ३० जूनला रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये स्पेनला ३-० हरवून. बाहेर तेव्हा अश्रुधूर होता.

सरकारने काय केलं? काही मिळालं का लोकांना?

दिल्मा स्वतः लष्करी राजवटीत तुरुंग आणि छळ सोसलेल्या. त्यांनी मोर्चेकऱ्यांना देशद्रोही वगैरे म्हटलं नाही, हे नोंदवायला हवं. २१ जूनला त्या टीव्हीवर बोलल्या आणि २४ जूनला पाच 'करार' जाहीर केले: आर्थिक शिस्त, राजकीय सुधारणा, आरोग्य, वाहतूक, शिक्षण.

राजकीय सुधारणेसाठी लोकांचा कौल घेऊन वेगळी घटनासभा बोलवायची कल्पना एकदोन दिवसांतच गुंडाळली गेली. मित्रपक्षांनाच ती नको होती. बाकी यंत्रणा मात्र कधी नव्हे ती धावली. २५ जूनला संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने पेक ३७ फेटाळली, ४३० विरुद्ध ९ मतांनी. आठवड्याभरापूर्वी ती सहज मंजूर होईल असं वाटत होतं. तेलाच्या रॉयल्टीतला पाऊण हिस्सा शिक्षणाला आणि पाव आरोग्याला देणारा कायदा सप्टेंबरात आला. डॉक्टर नसलेल्या गावांत परदेशी, मुख्यतः क्यूबाचे, डॉक्टर नेणारी योजना जुलैत सुरू झाली. २०१५ मध्ये वाहतूक हा घटनेतला सामाजिक हक्क झाला.

आणि एक कायदा ऑगस्टात आला, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा. गुन्ह्याची कबुली देऊन साथीदारांची नावं सांगणाऱ्या आरोपीला शिक्षेत सूट, ही तरतूद त्यात पक्की झाली. दिल्मांनी सही केली. सात महिन्यांनी 'लावा जातो' हा भ्रष्टाचाराचा तपास सुरू झाला आणि याच तरतुदीच्या जोरावर त्यांच्याच पक्षापर्यंत येऊन पोचला.

'दाताफोल्या' या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत दिल्मांच्या सरकारला चांगलं म्हणणारे जूनच्या सुरुवातीला ५७ टक्के होते, महिन्याच्या अखेरीस ३०.

हिंसाचार किती होता?

बँकांच्या काचा, जाळलेल्या गाड्या, परराष्ट्र मंत्रालयाच्या इमारतीवर हल्ला, हे झालं. काळे कपडे आणि झाकलेली तोंडं ही नवी फॅशनही आली. फेब्रुवारी २०१४ मध्ये रिओत भाडेवाढीच्याच निदर्शनात फटाक्यासारखी नळी लागून एक टीव्ही कॅमेरामन गेला आणि उरलीसुरली सहानुभूती ओसरली. शिक्षा कुणाला झाली ते मात्र बघा. २० जूनला रिओत एक कचरा वेचणारा बेघर तरुण पकडला, त्याच्याजवळ फिनेल आणि ब्लीचच्या प्लास्टिक बाटल्या होत्या. त्यांतून स्फोटकं बनवता येतात असं म्हणून त्याला पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. तो मोर्च्यात नव्हताच.

मग २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेले कट्टर उजवे बोल्सोनारो या आंदोलनातूनच आले, असं म्हणतात ते खरं का?

सोयीस्कर आहे, खरं नाही. मधल्या पाच वर्षांत काय काय झालं ते बघा. २०१४ मध्ये दिल्मा ५१.६ टक्के मतांनी पुन्हा निवडून आल्या. नंतर प्रचारात जे करणार नाही म्हणाल्या होत्या तीच काटकसर सुरू केली. २०१५ आणि २०१६ ही दोन्ही वर्षं अर्थव्यवस्था तीन टक्क्यांहून जास्त आक्रसली. लावा जातोने जवळजवळ सगळे पक्ष भाजून काढले. मार्च २०१५ आणि मार्च २०१६ चे प्रचंड मोर्चे निघाले ते पिवळे जर्सी घातलेल्या, बऱ्यापैकी सुखवस्तू लोकांचे, आणि त्यामागे पैसा व संघटना दोन्ही होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये सिनेटने ६१ विरुद्ध २० मतांनी दिल्मांना काढलं. २०१८ मध्ये लुला तुरुंगात, निवडणुकीला बंदी, आणि त्यांच्या जागी उभे राहिलेले हद्दाद बोल्सोनारोंकडून हरले. हे सगळं जून २०१३ मध्ये ठरलं होतं असं म्हणणं म्हणजे मधल्या प्रत्येकाला मोकळं सोडणं आहे.

पण धागाच नाही असंही नाही. रस्ता ही जागा डाव्यांची, ही समजूत त्या जूनमध्ये मोडली. 'पक्ष नको' म्हणणाऱ्या गर्दीला कुणीही आपली म्हणू शकतं, हे उजव्यांच्या लक्षात आधी आलं. मोर्च्यात गायली जाणारी 'वें प्रा रुआ', रस्त्यावर या, ही ओळ एका मोटार कंपनीच्या जाहिरातीतली होती. पुढे दिल्मांना हटवायला निघालेल्या एका संघटनेने तेच नाव घेतलं.

बस मोफत झाली का?

साओ पाउलोत भाडं २०१५ च्या जानेवारीपर्यंत ३ रेआलच राहिलं, मग साडेतीन झालं आणि वाढत वाढत २०२५ मध्ये पाचवर गेलं. दुसरीकडे, शंभराहून जास्त छोट्या-मध्यम ब्राझिलियन शहरांत आज बसला तिकीट नाही. रिओजवळच्या मारिकासारख्या तेलाचा पैसा मिळणाऱ्या गावाने सुरुवातीलाच हे केलं. साओ पाउलोतही डिसेंबर २०२३ पासून रविवारी बस फुकट आहे, आणि ती सुरू केली ती डाव्यांनी नाही.

म्हणजे मोर्चे काढावेत की नाही? लोकशाहीला फायदा की तोटा?

ब्राझीलचीच उदाहरणं घ्या. २०१४ च्या कार्निव्हलमध्ये रिओच्या सफाई कामगारांनी स्वतःच्या युनियनला बाजूला सारून संप केला. शहरभर कचऱ्याचे ढीग, पर्यटक नाक धरून, आणि कामगारांना ३७ टक्के पगारवाढ मिळाली. २०१५ च्या अखेरीस साओ पाउलो राज्याने नव्वदच्या वर शाळा बंद करायचं ठरवलं, तेव्हा विद्यार्थ्यांनी सुमारे दोनशे शाळांचा ताबा घेतला. स्वतः स्वयंपाक केला, संडास धुतले, वर्ग चालवले. डिसेंबरात योजना स्थगित झाली. दोन्हीकडे काय हवं ते एका वाक्यात सांगता येत होतं, आणि बोलणी करायला माणसं होती.

आपल्याकडे मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी चालत मुंबईला आले. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण नको म्हणून सायनहून आझाद मैदानापर्यंत रात्रीतून चालले. तिथे वनजमिनीचे दावे होते, नेते होते, झेंडे लाल होते आणि कुणी ते लपवले नव्हते. सरकारने लेखी आश्वासन दिलं. अंमलबजावणी किती झाली हा वेगळा विषय, पण कशाची अंमलबजावणी झाली नाही हे विचारायला कागद तरी आहे. २० जून २०१३च्या दहा लाख लोकांकडे असा कागद नव्हता. प्रामाणिकपणा किंवा धाडस कमी नव्हतं. रागाचं मागणीत रूपांतर करायला जी कंटाळवाणी यंत्रणा लागते, बैठका, कार्यकारिणी, कोण बोलणार आणि कोण सही करणार, तिचाच त्यांना तिटकारा होता. त्या तिटकाऱ्याला पक्षांनी वर्षानुवर्षं खतपाणी घातलं होतं, हेही तितकंच खरं.

आज ब्राझीलमध्ये याबद्दल काय बोलतात?

भांडतात. कामगार पक्षातल्या अनेकांच्या लेखी तो जून म्हणजे पुढच्या सगळ्या अनर्थाची सुरुवात. उजव्यांच्या लेखी देश जागा झाला तो दिवस. मोफत प्रवासवाल्यांपैकी जे आजही बोलतात ते म्हणतात, आम्ही तेरा दिवसांत दोन सरकारांना झुकवलं, ते कुणी आठवतच नाही. मला या तिघांत शेवटच्यांचं म्हणणं जास्त पटतं.

राजकारण्यांपुरतं बोलायचं तर २०२३ मध्ये लुला तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा भाडेवाढ करणारे महापौर हद्दाद त्यांचे अर्थमंत्री झाले, आणि ज्यांच्या पोलिसांनी १३ जूनला रबरी गोळ्या झाडल्या ते आल्कमिन उपराष्ट्राध्यक्ष. लष्करी पोलीस अजून गव्हर्नरांच्याच हाताखाली आहेत.